व्हिसा एकाचा, संसार सगळ्यांचा

बारामती-इंदापूरच्या आमच्या कऱ्हाटी मुलखात कोणी परदेशी निघाले की चौकात फ्लेक्स लागतो. 'हार्दिक अभिनंदन' असे मोठ्या अक्षरांत, खाली अमेरिका नाहीतर जर्मनी, कोपऱ्यात विमान आणि मधोमध एक हसरा चेहरा. चेहरा एकच असतो. त्याच्याबरोबर जी निघाली आहे ती बायको, मांडीवरचे पोर, पुढच्या वर्षी मागोमाग जाऊ म्हणून वाट पाहत बसलेले आईवडील, यांपैकी कोणीही त्या फ्लेक्सवर नसते. खरे स्थलांतर मात्र त्या सगळ्यांचे असते. एकटा माणूस परदेशी जातो तेव्हा तो नोकरीला जातो. घर जाते तेव्हा देश बदलतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपण अजून पहिलीचाच सत्कार करण्यात दंग आहोत.

मुलूख सोडणे आम्हाला नवे नाही. ज्यांच्या नावाने बारामती ओळखली जाते ते कविवर्य मोरोपंत पराडकर मूळचे इथले नव्हेत. १७२९ साली त्यांचा जन्म पन्हाळ्याचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने घराणे बारामतीला आले आणि १७९४ मध्ये पंतांनी देह ठेवला तो कऱ्हेकाठी. आश्रयदात्याचा शब्द हाच त्या काळचा व्हिसा. पुढे १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पाण्यामागून माणसे आली. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याच्या कडेकडेने ऊस लावत खाली सरकले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले तेव्हा कुठून कुठून आलेल्या कामगारांचे एक गावच तयार झाले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून डोके वर काढते. त्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारा. घर हलवणे म्हणजे काय ते ते एका वाक्यात सांगतील.

पण या सगळ्या हलण्यात एक गोष्ट ठरलेली होती. बैलगाडीत कोणी बसायचे हे घरचा कर्ता ठरवत असे. आजी, विधवा आत्या, सांभाळलेला भाचा, सगळे गाडीत. आता कुटुंब म्हणजे कोण हे दुसऱ्या देशाचा कायदा ठरवतो. निघणाऱ्या घराने सगळ्यात आधी समजून घ्यायला हवे ते हेच. आणि बहुतेक घरांना ते कळते सगळ्यात शेवटी.

कुटुंब म्हणजे कोण?

मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. इंग्रजी अर्ज वाचून दे, एवढ्यासाठी जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक माझ्याकडे येत असतात. त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली. आपल्या रेशनकार्डावरचे कुटुंब वेगळे आणि व्हिसाच्या अर्जावरचे कुटुंब वेगळे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडचे संगणक अभियंते जास्त करून तिकडेच पाहतात. एच-१बी व्हिसावर गेलेल्या माणसाचे कुटुंब म्हणजे त्याची बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले. संपले. आईवडील त्यात नाहीत. ते पाहुणे म्हणून येऊ शकतात, राहायला नाही. तो माणूस ग्रीन कार्डधारक झाला तरी आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. नागरिक झाला तरच करू शकतो. आणि ग्रीन कार्ड कधी? १९९० च्या कायद्याने नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कार्डांची संख्या वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार ठेवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असे बंधन घातले. भारतातून अर्ज करणारे लाखांनी, जागा मोजक्या. त्यामुळे रांग दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. भावाने भावासाठी करायच्या अर्जाला तर दीड दशकाहून अधिक काळ लागतो. 'एक गेला की सगळे जातील' हा आपल्या पारावरचा हिशेब तिथल्या कायद्यात बसत नाही.

इतर देशांचे दरवाजे वेगळे, कुलपे वेगळी. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधनाखेरीज इतर अभ्यासक्रमांच्या नव्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्यास मनाई केली. ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची शुश्रूषा करायला नव्याने जाणाऱ्यांनाही बायका-मुलांना नेता येईनासे झाले. तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला या, पण स्वतःची पोरे घरी ठेवा, असा त्याचा अर्थ. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर बंधने आणली. सोळा महिने वा अधिक काळाचे पदव्युत्तर शिक्षण आणि काही ठरावीक अभ्यासक्रम एवढ्यांनाच तो मिळतो. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा शंभर रियाल कर लावला आणि तो दर वर्षी शंभराने वाढवत २०२० पर्यंत चारशेवर नेला. चौघांचे घर असेल तर कर्त्याला सोडून तिघांचे बाराशे रियाल दरमहा. बेतासबात पगारावर असलेल्या माणसाने बायका-मुलांना गावी धाडायचे नाही तर काय करायचे?

यातून एक धडा घ्यावा. नोकरीचे पत्र आले की पगाराच्या आकड्याला रुपयाने गुणून पाहण्याआधी विचारावे: या व्हिसावर माझ्याबरोबर कोण येऊ शकते? त्यांना तिथे काम करता येईल का? शाळा मिळेल का? माझी नोकरी गेली तर त्यांचे काय? अमेरिकेत नोकरी सुटली की नवी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला साठ दिवस मिळतात. ते साठ दिवस एकट्याचे नसतात. त्यात पोराची शाळा असते, घराचा भाडेकरार असतो, बायकोचे बाळंतपणही असू शकते.

कागदांची सुरुवात ग्रामपंचायतीत

परदेशाची वाट मुंबईच्या वकिलातीतून सुरू होते असे लोक समजतात. ती सुरू होते आपल्या ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वहीतून.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. १ एप्रिल १९७० पासून तो अमलात आला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद असेलच असे नाही, आणि त्यानंतरही वाडीवस्तीवर सुइणीच्या हातून झालेल्या कित्येक बाळंतपणांची नोंद झालेली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी विचारले आणि चुलत्याने अंदाजाने १ जून सांगितले, अशी निम्म्या गावाची जन्मतारीख. इथे राहून कुणाचे काही अडले नाही. परदेशी कचेरीत मात्र जन्मदाखल्यावर 'बाळ, पुरुष' आणि शाळेच्या दाखल्यावर पाळण्यातले नाव असे दोन कागद समोर ठेवले की तिथला अधिकारी विचारतो, हा माणूस तोच कशावरून? मग नोंद नसल्याचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, उशिरा नोंदणीसाठी अधिकाऱ्याचा आदेश, अशी यात्रा सुरू होते.

बायकांच्या नावांचा घोळ याहून मोठा. आपल्याकडे मुलगी लग्नात वडिलांचे नाव आणि आडनाव सोडते. पुष्कळ घरांत तिचे स्वतःचे नावही तांदळात लिहून बदलले जाते. दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या, पदवी तिसऱ्याच. एकाच बाईचे तीन कागद तीन बायकांचे दिसतात. आता राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नावही घातले आहे. निर्णय चांगला आहे. पण यापुढे एकाच घरातल्या थोरल्याचे नाव एका पद्धतीचे आणि धाकट्याचे दुसऱ्या पद्धतीचे असणार, हे पालकांनी पासपोर्टच्या वेळी ध्यानात ठेवावे. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. तसे केले तर अमेरिकन व्हिसावर दिलेले नावच आडनाव होते आणि नावाच्या जागी 'नाव ठाऊक नाही' अशा अर्थाची तीन अक्षरे येतात. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना प्रवेश न देण्याचे जाहीर केले होते. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव असल्यास चालेल असा खुलासा झाला. मधल्या काळात किती जणांचा जीव टांगणीला लागला असेल!

लग्नाचे तेच. मांडवात दोन हजार माणसे जेवून गेली, पण नोंदणी नाही. राज्यात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, खेड्यात ग्रामसेवकाकडेच नोंदणी होते, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्यांच्याच विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही आपण नोंदणीला जातो ते व्हिसा निघाला की. लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम यांवर तिथला अधिकारी भरवसा ठेवत नाही. त्याला दाखला लागतो. शिवाय अनेक देशांना दाखल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल हा शिक्का हवा असतो. १९६१ च्या हेगच्या कराराने ठरलेली ही पद्धत आपल्याकडे २००५ पासून लागू आहे, कॅनडाने ती जानेवारी २०२४ पासून स्वीकारली. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग मंत्रालयाचा. गावच्या दाखल्यातली एक वेलांटी चुकली तरी ती दोन्ही शिक्क्यांखाली कायमची चुकलेलीच राहते.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. घरात कोणी बाहेर जाण्याचे मनात आणताच, निदान वर्षभर आधी, घरातल्या प्रत्येकाचे कागद एका सतरंजीवर पसरावेत. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे ताडून पाहावीत. जी चूक ग्रामपंचायतीत दुरुस्त होते ती दूतावासाच्या खिडकीवर होत नाही.

'अवलंबित' नावाची बाई

व्हिसाच्या भाषेत कर्त्याबरोबर जाणाऱ्या माणसाला 'डिपेंडंट' म्हणतात. आपण मराठीत 'अवलंबित' म्हणतो. शब्द सौम्य वाटतो. पण बारामतीत महाविद्यालयात शिकवणारी, स्वतःचा पगार आईच्या हातावर ठेवणारी मुलगी एका सहीसरशी अवलंबित होते तेव्हा त्या शब्दाचे वजन कळते. अमेरिकेत एच-४ व्हिसावरच्या बायकांना २०१५ च्या मेपर्यंत काम करण्याची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळाली ती ज्यांच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली आहे त्यांनाच. बाकीच्या घरी. इंजिनिअर, दंतवैद्य, वकील, सगळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ पाहत बसलेल्या.

माझी एक विद्यार्थिनी अशीच गेली. पहिल्या वर्षी तिने आईला फोनवर सांगितले, "आई, इथं सगळं छान आहे. फक्त मला कुणी काही विचारत नाही." या एका वाक्यात सगळे आले. तिच्यापाशी बँकेचे खाते नव्हते, गाडीचा परवाना नव्हता, घराच्या करारावर तिचे नाव नव्हते. नवरा वाईट नव्हता. पण चांगल्या नवऱ्याच्या घरातही बाईच्या पायाखाली तिची स्वतःची फरशी असावी लागते. आणि नवरा वाईट निघाला तर? तिचा राहण्याचा हक्क त्याच्या व्हिसाला बांधलेला आहे; तो तुटला की ती सात समुद्रांपलीकडे बेकायदा ठरू शकते. मुलगी परदेशी देताना आपण मुलाचा पगार, घर, गाडी विचारतो. तिला तिथे काम करता येईल का, तिचा पासपोर्ट तिच्या स्वतःच्या हाती राहील का, हे विचारणारा मुलीचा बाप मला क्वचितच भेटला.

जर्मनीला साधारणपणे जोडीदाराने येण्याआधी प्राथमिक जर्मन शिकलेले असावे लागते. ब्लू कार्डधारकांच्या जोडीदारांना यातून सूट आहे. ही सूट मिळाली म्हणून खूश होऊ नका, असे मी मुलींना सांगतो. नियम नसला तरी भाषा शिका. ज्या देशात दवाखान्यात आपले दुखणे आपल्याला सांगता येत नाही तिथे नवरा दुभाषा होतो आणि बाई मुकी. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, वर्ग आहेत. लग्नाच्या शालूवर होणाऱ्या खर्चात एका पातळीचे शिक्षण निघून जाईल.

मुलांच्या बाबतीत एक तारीख आईबापांनी भिंतीवर लिहून ठेवावी: एकविसावा वाढदिवस. दोन-तीन वर्षांचे लेकरू घेऊन गेलेले घर ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहते. रांग सरकत नाही, लेकरू मात्र वाढते. एकवीस पूर्ण झाले की कायद्याने ते त्या कुटुंबातले उरत नाही. २००२ मध्ये अमेरिकेने वय मोजण्यात थोडी सवलत देणारा कायदा केला, पण त्याने सगळे सुटत नाहीत. जिथे अक्षर गिरवले, जिथली भाषा पहिली झाली, त्या देशात त्या पोराला विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा मागावा लागतो, नाहीतर न पाहिलेल्या 'मायदेशी' परतावे लागते.

मागे राहणारे दोन जीव

सगळ्यात अवघड प्रश्न आईवडिलांचा. त्यावर घरात बोलणे होत नाही. पोरगा म्हणतो, 'सेटल झालो की नेतो.' म्हातारी पदराने डोळे टिपते आणि 'बरं' म्हणते. दोघांनाही ठाऊक असते.

कायदा काय म्हणतो ते पाहा. ब्रिटनने २०१२ पासून वृद्ध आईवडिलांच्या व्हिसाचे नियम इतके कडक केले की त्यांना रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्याची दीर्घकाळ मदत लागते आणि ती मायदेशात पैसे खर्चूनही मिळत नाही, हे सिद्ध करावे लागते. धडधाकट आईवडिलांना वाट नाही आणि अंथरुणाला खिळलेल्यांना विमानात बसवणार कोण? ऑस्ट्रेलियात निम्मी तरी मुले तिथे स्थायिक असावीत अशी अट आहे, आणि कमी खर्चाच्या रांगेत लागलात तर नंबर यायला तीस वर्षांच्या आसपास लागतील असे तिथले सरकारच सांगते. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षे! कॅनडाचा सुपर व्हिसा त्यातल्या त्यात माणुसकीचा. २०११ च्या डिसेंबरात तो सुरू झाला, आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते; पण एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. अमेरिकेत मुलगा नागरिक झाला तर आईवडिलांना ग्रीन कार्ड तुलनेने लवकर मिळते. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहण्याचा हक्क तसाच तिथे राहण्याचा पत्करही. वर्षाहून अधिक काळ गावी राहिले तर ते धोक्यात येते. सुगीला गावी, थंडीत मुलाकडे, असे मोकळे येणे-जाणे त्यात बसत नाही.

आमच्या गावातल्या एका आजींना हे सगळे मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजी गुरुजी, त्यांच्या कागदात आय-बाप कुटुंबात धरत न्हाईत व्हय?" मला उत्तर देता आले नाही. कायदा सांगता येतो; आजींनी विचारले होते ते कायद्याच्या पलीकडचे.

म्हणून म्हणतो, हे आधी बोला. निघण्याच्या आदल्या रात्री नाही, अर्ज भरण्याआधी. आजारपणात दवाखान्यात कोण नेणार? खर्च कोण करणार? गावात राहिलेल्या भावाने सगळे करायचे आणि परदेशी गेलेल्याने व्हिडिओवर दर्शन द्यायचे, ही वाटणी फार दिवस टिकत नाही. आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, पण कायद्यापर्यंत जायची वेळ यावी असे कोणते घर म्हणेल?

सातबारा आणि निळे पुस्तक

आमच्या भागात माणूस कुठेही गेला तरी त्याचे मन दोन-चार एकरांच्या सातबाऱ्यावर असते. तेव्हा हेही सांगायला हवे. भारताचा नागरिकत्वाचा १९५५ चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारताचे संपते. २०२२ या एका वर्षात दोन लाख पंचवीस हजारांहून अधिक भारतीयांनी असे नागरिकत्व सोडले. २००५ पासून अशांना 'ओसीआय' कार्ड मिळते. येणे-जाणे, राहणे, बँकव्यवहार सोपे होतात. पण ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. 'डॉलर कमावून येईन आणि कालव्याच्या कडेची आणखी दहा एकर घेईन' हे स्वप्न घेऊन जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

वडील गेले की वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. परदेशी गेलेल्या वारसाची सही मिळत नाही म्हणून फेरफार अडून पडलेले मी पाहिले आहेत. तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे ठाऊक नसल्याने ते पेटीत पिवळे पडते. भावाभावांत, बहीणभावांत कटुता येते ती पुष्कळदा लोभाने नव्हे, न सांगितलेल्या गोष्टींनी. कोणाचा हिस्सा कोण कसणार, उसाच्या बिलाचे पैसे कोणत्या खात्यावर जाणार, हे जाण्याआधी कागदावर लिहावे. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. तो नात्यावरचा ताण कमी करतो.

याच जमिनीवर डोळा ठेवून दलाल हिंडत असतात. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या कायद्याखालची सरकारी नोंदणी हवी, तिची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरचा कर एवढेच घेता येते. कॅनडासारख्या देशांत व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्यांनाही परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी खुली असते. 'अख्ख्या घराची पीआर करून देतो, एकरभर काढून टाका' असे म्हणणाऱ्याला प्रथम नोंदणी क्रमांक विचारा. तो चिडला तर समजा, उत्तर मिळाले.

आणि एक. नियम कोणत्याही सकाळी बदलू शकतात हे गृहीत धरून चालावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ते लागू नाही असा खुलासा येईपर्यंत, सुट्टीवर आलेली माणसे मिळेल त्या विमानाने परत धावली. परक्याच्या कायद्यावर उभ्या केलेल्या संसाराला परतीची वाट ठेवावीच लागते: थोडी शिल्लक, इथले चालू खाते, मुलांची मराठी. मुलांना मराठी येणे ही हौस नव्हे. उद्या परतावे लागले तर तीच त्यांची शिदोरी.

आपल्या दारात आलेले

आता थोडे उलटे पाहू. दर वर्षी ऊस तोडायच्या दिवसांत सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या परिसरात बीड आणि अहिल्यानगरकडून माणसे येतात. मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीत घालून, बायका-मुलांसह. हेही कुटुंबाचे स्थलांतरच. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाई स्वतः पूर्ण कधीच नाही. 'अवलंबित' या शब्दाचे इतके उघडे भाषांतर दुसरे नसेल. त्यांची कोपी उसाच्या फडाशेजारी, पोरे पाचटात खेळतात, शाळा गावाकडे राहिलेली. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या.

आपल्या नातवाला टोरोंटोच्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हात धरून वर्गात नेले, हे कौतुकाने सांगणारे आपण, फडावरच्या पोराला आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाच महिने बसवून घेतो का? परदेशाने आपल्या माणसांना माणूस म्हणून मोजावे असे वाटत असेल तर मोजण्याची सुरुवात आपल्या शिवारात करायला कोणाचा व्हिसा लागत नाही.

करण्याजोग्या गोष्टी अगदीच आवाक्यातल्या आहेत. ग्रामसभेने वर्षातून एकदा जन्म आणि विवाहाच्या नोंदी दुरुस्तीचा दिवस ठेवावा. विवाह नोंदणीचा दाखला त्याच आठवड्यात वधूच्या हाती द्यावा. आमच्या तालुक्यात इतकी महाविद्यालये आहेत. नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेतात तसे एक सत्र जाणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी आणि जोडीदारांसाठी घ्यावे. ज्यांची मुले बाहेर आहेत अशा घरांनी एकमेकांकडे जाणे-येणे ठेवावे. फोनवर पोरगा दिसतो, पण रात्री दोन वाजता छातीत दुखले तर शेजारीच लागतो. आणि गावाने फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर एक चेहरा कशाला? बायको, मुले, आई, वडील, मागे राहिलेला भाऊ, सगळ्यांचे फोटो छापावेत. मजकूर हवा तो घाला. पण छपाईला देण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, की यातला कोण कुठे राहणार आहे, कशाच्या जोरावर, आणि त्याची काळजी कोण घेणार आहे. ज्या घरात या प्रश्नाला उत्तर आहे ते घर कोणत्याही देशात उभे राहील.